‘वाढले’ नावाचा रकाना

२०१४ सालच्या ऑगस्टमधल्या एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास वुडलँड्समधल्या एका औद्योगिक इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, पोह्यांच्या कप्प्यात पोह्यांचे एक पाकीट सापडले. संगणकावरच्या तक्त्यात त्याच वेळी पोह्यांची एकशे एकवीस पाकिटे होती. तक्ता मी केला होता.

गाळा वहिनीचा होता. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सिंगापुरातल्या मराठी घरांना ती पोहे, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट असा माल पाकिटे करून पुरवत असे. सुरुवात पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये झाली. पुढे जागा पुरेना, परवान्याचाही प्रश्न आला, आणि वुडलँड्सला भाडे कमी होते. गाळ्याच्या एका बाजूला फिशबॉल करणारे होते, दुसऱ्या बाजूला केकवाले. भाजणी भाजायला घेतली की दोन्हीकडची माणसे मालवाहू लिफ्टपाशी येऊन उभी राहत आणि आज काय आहे ते विचारत.

दादा, म्हणजे माझा भाऊ, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. त्या ऑगस्टात तो सुटीवर घरी होता. पुढच्या जहाजावर येणार की नाही, हे त्याने त्याच्या कंपनीला शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचे होते. दरम्यान, बंदरातल्या जहाजांना किराणा पुरवणाऱ्या एका कंपनीने वहिनीच्या मालात रस दाखवला होता. जहाजांवर मराठी खलाशी बरेच, आणि त्यांच्या स्वयंपाक्यांना गोडा मसाला कुठेच मिळत नव्हता. त्या कंपनीच्या यादीत माल चढला तर एकट्या वहिनीला काम झेपणार नव्हते, आणि मग दादा जहाजावर चढणार नव्हता. नवराबायकोत हे एकदाच बोलणे झाले. वहिनीने ते एका वाक्यात सांगितले आणि पुन्हा काढले नाही. फक्त त्यानंतर ती गाळ्यात जिना चढून येऊ लागली. लिफ्ट हळू आहे, असे तिचे म्हणणे होते.

जहाज-किराणा कंपनीच्या खरेदी विभागाची प्रमुख एक चिनी बाई होती. चाळिशीची, बारीक चणीची, पाठीवर सॅक. तिने पहिल्या भेटीत भाजणीचा वास घेतला, मान डोलावली आणि अटी सांगितल्या. प्रत्येक वस्तूला कोड हवा. प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर आणि तारीख हवी. आधी आलेला माल आधी गेला पाहिजे. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी अकराला ती पुन्हा येईल, तोपर्यंत एक चाचणी ऑर्डर बांधून तयार हवी. त्यानंतर ती तिच्या मनाने पाच वस्तू निवडेल आणि तक्त्यातला आकडा कप्प्यातल्या आकड्याशी ताडून पाहील. पाचही जुळले तर यादीत नाव. चार जुळले तर पुढच्या वर्षी.

यातले मला काहीच येत नव्हते. पुण्यात मी नऊ वर्षे एका दैनिकाच्या डेस्कवर होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरला आले आणि मरीन परेडच्या कॉन्डोत एक वर्ष बसून काढले. वहिनीने मला बोलावले ते या कारणाने, की मी बातमीतले आकडे दोनदा तपासते अशी माझी घरात ख्याती होती. लहान उद्योगांसाठी सप्लाय चेनचा दोन दिवसांचा वर्ग होता, तो मी केला. तिथून जाड फाइल घेऊन परतले आणि ‘आधी आलेले आधी जाणार’ हे तत्त्व काकूंना समजावले. काकू म्हणाल्या, “याला दोन दिवस लागले?”

काकू नात्यातल्या नव्हत्या. साठीच्या, मूळच्या अलिबागकडच्या. काकांनी तीस वर्षे जहाजांवर काढली होती आणि आता दोघे वुडलँड्समध्येच, गाळ्यापासून बसने दहा मिनिटांवर राहत. सकाळी सात ते बारा कोठीची खोली त्यांच्या ताब्यात असे. आलेला माल लावणे, गिऱ्हाइकांची पाकिटे काढून देणे हे त्यांचे काम. मी बस आणि दोन गाड्या बदलून दुपारी एकनंतर पोचत असे. त्यामुळे आमची भेट क्वचित होई. जो काही संवाद होता तो खिळ्याला अडकवलेल्या वहीतून आणि मोबाइलवरून.

वही मी आखली होती. काकूंना इंग्रजी तक्ता नको होता, म्हणून स्वच्छ मराठीत. वस्तू, वाढले, कमी झाले, शेरा. माल आला की ‘वाढले’मध्ये आकडा, गेला की ‘कमी झाले’मध्ये. इतके सोपे रकाने मी डेस्कवरही कधी आखले नव्हते. वहिनीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, “यात चुकायला जागाच नाही.”

त्या तीन आठवड्यांत गाळ्यात लग्नघराची हवा होती. दादा रोज येऊन कपाटे बसवत होता. डाव्या रांगेला त्याने लाल पट्टी चिकटवली, उजवीला हिरवी, आणि जहाजावर डाव्या-उजव्या बाजूंना म्हणतात तसे त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणायचे असे फर्मान काढले. मेतकूट पोर्टला की स्टारबोर्डला, यावर दादा-वहिनीचे एकदा वीस मिनिटे भांडण झाले. शेवटी मेतकूट मधोमध, खिडकीखाली गेले आणि त्या कप्प्याला, कप्तान जिथून जहाज हाकतो त्या जागेवरून, ‘ब्रिज’ हे नाव मिळाले. मी कोड देत होते. पोहे पीओ-०१, थालीपिठाची भाजणी बीएच-०१, चकलीची बीएच-०२. कोड दिले की वस्तूला हुद्दा मिळाल्यासारखे वाटे. वहिनी फोनवर गिऱ्हाइकांना “पीओ-०१ आहेत, बीएच-०१ उद्या” असे सांगू लागली. पलीकडची एक बाई म्हणाली, “मला साधे पोहे मिळाले तरी चालतील.”

एके दिवशी वहीच्या तळाशी, शेऱ्याच्या रकान्यात काकूंच्या अक्षरात ओळ सापडली: आले – ५० – मंगळवारी. आपण आले ठेवायला लागलो हे मला कुणी सांगितले नव्हते. पण त्या दिवसांत रोज काहीतरी नवे सुरू होत होते. मी आल्याला एएल-०१ हा कोड दिला, मंगळवारी पन्नास पाकिटे येणार अशी टीप लिहिली आणि शिल्लक शून्य ठेवली.

चाचणी ऑर्डर सोमवारी आली. पोहे चाळीस, गोडा मसाला तीस, भाजणी वीस. तक्त्यात पोहे एकशे एकवीस, मसाला एक्क्याण्णव, भाजणी एकसष्ट. वहिनीने पडद्यावर बोट ठेवून तिन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि मला फिशबॉलवाल्यांच्या दारापर्यंत ओढत नेऊन आणले. कारण सांगितले नाही. त्यानंतरचे तीन दिवस ती लेबले छापून घेण्यात गुंतली. मी लेबलांवर तारखा घालत होते. आम्ही दोघी तक्त्याकडे पाहत होतो. कपाटांकडे पाहत नव्हतो.

आदल्या शनिवारी सकाळी आमच्या तिघींच्या ग्रुपवर काकूंचा संदेश आला होता: “पोहे वाढले. लवकर बघा.” मी उत्तर दिले होते: “बघितलं. छान.” सोमवारी सकाळी पुन्हा आला: “भाजणीही वाढली. आणि गोडा मसाला. काय करायचं?” त्यावर वहिनीने कळवले होते: “काळजी नको, शुक्रवारी सगळं जाणार.” हे चारही संदेश माझ्या फोनमध्ये बरेच दिवस होते.

तर गुरुवारी दुपारी तीनला आम्ही ऑर्डर बांधायला कोठीत गेलो आणि पोह्यांच्या कप्प्यात एक पाकीट उभे होते. भाजणीच्या कप्प्यात एक. मसाल्याच्या कप्प्यात एक. चोरी झाली असावी, हा पहिला अंदाज वहिनीचा. पण प्रत्येक कप्प्यात एक पाकीट ठेवून जाणारा चोर तिलाही पटेना. मी काकूंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“काकू, पोहे कुठे ठेवलेत?”

“वाढले ना. लिहिलंय मी.”

“हो, वाढले. म्हणूनच विचारतेय, कुठे आहेत?”

“अगं, वाढल्यावर असतील कुठे?”

“वाढल्यावर असायला नकोत का?”

 काकूंच्या घरचा पंखा ऐकू येत होता. मग त्यांनी सावकाश विचारले, “तुझं माहेर पुण्याचंच ना?”

मी हो म्हटले.

“मग तुमच्याकडे डब्यातले तांदूळ सरले की काय म्हणायचे?”

आमच्याकडे ‘तांदूळ वाढले’ असेच म्हणत. माझी आई म्हणे. घरात काही संपले असे तोंडाने म्हणायचे नाही, म्हणून वाढले म्हणायचे. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. पुण्याच्या डेस्कवर नऊ वर्षे मी उद्घाटनांच्या बातम्यांत ‘नारळ फोडून’ खोडून ‘श्रीफळ वाढवून’ लिहीत आले होते.

वहिनी तांदळाच्या पोत्यावर बसली. तिच्या खांद्यांवरून आधी ती रडते आहे असे वाटले. ती हसत होती. मला हसायला थोडा उशीर झाला, कारण मी हिशेब करत होते. पोहे एकसष्ट होते. साठ गेले, एक उरले. काकूंनी ‘वाढले – ६०’ असे लिहिले आणि मी एकसष्टात साठ मिळवले. मसाला सेहेचाळीस होता, पंचेचाळीस गेला. भाजणी एकतीस, तीस गेली. थोडे गेले की काकू ‘कमी झाले’त लिहीत, सगळे गेले की ‘वाढले’त. त्यामुळे जे हातोहात खपत होते तेच तक्त्यात दुप्पट होत होते, आणि जितके अधिक खपे तितका तक्ता अधिक श्रीमंत दिसे. हा हिशेब वहिनीला सांगितल्यावर ती पोत्यावरून खाली घसरली. फोन चालूच होता. काकूंनी विचारले, “कोण पडलं?”

मग वेळेचे भान आले. शुक्रवारी अकराला वीस तास उरले होते.

काकू पुढच्याच बसने आल्या. आल्या आल्या त्यांनी धान्याच्या डब्यांची झाकणे उघडली आणि भाजणीचे धान्य पुरेल असे जाहीर केले. मसाल्यासाठी दगडफूलही होते. फक्त पोहे नव्हते. दादा तेव्हा पासिर रिसच्या घरी होता. त्याला सेरंगून रोडच्या घाऊक दुकानाकडे पिटाळण्यात आले. जाड पोहे आण, पातळ नकोत, हे काकूंनी त्याला तीनदा सांगितले. साडेचारला त्याने फोटो पाठवला. तळहातावर चार पोहे आणि शेजारी, आकाराचा अंदाज यावा म्हणून, एक डॉलरचे नाणे. काकूंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि त्याला कळवायला सांगितले, की हे मध्यम आहेत. दुसरा फोटो मान्य झाला. साडेपाचला तो टॅक्सीतून वीस किलोचे पोते घेऊन उतरला.

तोपर्यंत कढई तापली होती. तांदूळ, ज्वारी, बाजरी, डाळी, धणे वेगवेगळे भाजून चादरीवर पसरले जात होते. फिशबॉलवाले दोघे जण लिफ्टपाशी हजर होते. त्यातल्या एकाला वहिनीने पंखा धरायला लावले. मी जुनी वही फाडून नवी आखत होते. यावेळी रकाने बदलले: आले, संपले. वही काकूंपुढे धरली. त्यांनी हात पुसले, वाचले आणि वही परत दिली.

“हे मी लिहायची नाही.”

मी सांगितले, की हा फक्त कागद आहे.

“काका तीस वर्षं पाण्यावर होते,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षांत हा शब्द माझ्या घरात निघाला नाही. ज्या घरचा माणूस समुद्रावर, तिथे मी हा शब्द कागदावरसुद्धा लिहिणार नाही.”

दादा पोते उघडत होता. तो म्हणाला, “काकू, मी इथेच आहे की.”

“आज आहेस,” काकू म्हणाल्या.

 ग्राइंडर चालू होता. वहिनीने कढईतल्या डाळीला उगाच दोन वेळा उलथने घातले.

मग काकूंनीच वही ओढून घेतली, ‘संपले’वर रेघ मारली आणि वर लिहिले: आणा. “डब्यात चार बोटं राहिली की म्हणायचं आणा. म्हणजे तो दुसरा शब्द म्हणायची पाळीच येत नाही.” मी सप्लाय चेनच्या वर्गाची फाइल उघडली. माल संपण्याआधी किती शिल्लक असताना मागणी नोंदवायची, यावर तिच्यात अकरा पाने होती.

रात्री साडेसातला आम्ही गाळा बंद केला. शुक्रवारी सकाळी सातला पुन्हा उघडला. चौघांनी मिळून पोर्टपासून स्टारबोर्डपर्यंत एकूण एक पाकीट हाताने मोजले. दादा मोजून आकडा ओरडे, काकू दुसऱ्यांदा मोजत, मी लिहून घेई. दोघांचा आकडा न जुळण्याचा प्रसंग दोनदा आला आणि दोन्ही वेळा काकू बरोबर निघाल्या. दादा म्हणाला, की इंजिन रूममधले सुटे भाग मोजायला काकूंना न्यायला हवे होते. काकूंनी विचारले, “तुझ्या जहाजावर जेवण कोण करतं?” त्याने सांगितले, की एक फिलिपिनो स्वयंपाकी. “मग नको,” काकू म्हणाल्या. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तक्ता पूर्ण झाला.

बाई अकराला दोन मिनिटे असताना आल्या. चाचणी ऑर्डरचे खोके उघडून पाहिले, तारखा वाचल्या, कोड वाचले, भाजणी ताजी आहे का म्हणून पाकिटाचा वास घेतला. ती होती. मग तक्ता घेतला. पहिली वस्तू तूरडाळ निवडली. जुळली. दुसरी मेतकूट. ब्रिजवर चौदा, तक्त्यात चौदा. तिसरी गोडा मसाला, जुळला. चौथी पोहे.

पोहे जुळले. पण बाईंनी सगळ्यांत मागचे पाकीट बाहेर काढले. त्यावर इतरांपेक्षा जुनी तारीख होती. त्यांनी विचारले, की आधी आलेला माल आधी जायचा तर हे अजून इथे कसे. मला उत्तर माहीत होते आणि ते वर्गाच्या फाइलमध्ये नव्हते. काकूंनी इंग्रजी प्रश्नाचा रोख ओळखला आणि मराठीत उत्तर दिले: “कप्पा रिकामा ठेवत नाही आम्ही. एक कायम राहतं.” दादाने भाषांतर केले: “बफर.”

बाई पाकीट हातात घेऊन उभ्या राहिल्या. वहिनीने भिंतीला हात टेकला होता. मग बाईंनी सांगितले, की त्यांची आईही घरची तांदळाची बादली कधी तळापर्यंत जाऊ देत नाही. नव्या वर्षाच्या दिवसांत तर वर लाल कागद लावते. एक ठेवा, त्या म्हणाल्या, पण तेच तेच नको. नवे आले की ते ठेवा, जुने जाऊ द्या. दादाने हे काकूंना सांगितले. काकूंनी क्षणभर विचार केला, पाकीट त्यांच्या हातातून घेतले, त्या जागी कालचे ठेवले आणि म्हणाल्या, “ठेवायचंच तर ताजं ठेवावं, हे बरोबर आहे तिचं.” चौथी वस्तू मान्य झाली.

पाचवी निवडताना बाईंचे बोट तक्त्यावरून खाली आले आणि थांबले. “एएल-०१,” त्या म्हणाल्या. “जिंजर.”

मी पाहिले. शिल्लक शून्य. आम्ही सगळे त्यांच्या मागून पोर्टच्या टोकापर्यंत गेलो आणि स्टारबोर्डने परत आलो. आल्यासाठी कप्पा नव्हता. आले नव्हते. बाईंनी तक्ता पाहिला, कपाटे पाहिली आणि शून्यापुढे बरोबरची खूण केली.

काकूंनी माझा हात धरून बाजूला घेतले आणि हळूच विचारले, “आपण आलं कधीपासून ठेवायला लागलो?” मी त्यांना जुन्या वहीतल्या ओळीबद्दल सांगितले. आले, पन्नास, मंगळवारी. काकू म्हणाल्या, “तूरडाळ आली होती गं. पन्नास पुडे आले, एवढंच लिहिलं होतं मी.” यानंतर आम्हा दोघींना कोठीच्या बाहेर, केकवाल्यांच्या दारात जाऊन उभे राहावे लागले. आत येईपर्यंत पाच मिनिटे गेली, आणि मधले बोलणे मी ऐकलेले नाही. वहिनीच्या सांगण्याप्रमाणे तिने विचारले, की मग यादीचे काय. बाई सॅक पाठीला लावत म्हणाल्या, “कॅन.”

वहिनी पुढच्या शब्दांची वाट पाहत उभी होती. दादा वीस वर्षे या बंदरात येत-जात होता. इथे ‘कॅन’ म्हणजेच होकार, वाक्य पूर्ण झाले आहे, हे त्याला कळले. त्याने ते वहिनीला सांगितले. वहिनीने पुन्हा विचारले, नक्की ना. बाई दारातून म्हणाल्या, “कॅन, ला. मंडे स्टार्ट.”

वहिनी जिन्याने पाच मजले खाली गेली आणि परत वर आली. यावेळी तिने लिफ्टबद्दल काही म्हटले नाही.

दादाने त्याच्या कंपनीला मेल त्याच दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पाठवला. तो दोन ओळींचा होता. पाठवण्याआधी त्याने मला स्पेलिंग तपासायला दिला. एक दुरुस्ती होती.

सोमवारी सकाळची वही काकूंनी सात वाजता उघडली. पहिली नोंद त्यांच्या अक्षरात आहे: पोहे, आणा, ६०. तिच्यासमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे: माणूस – आला – १.